पेशीतला हरकारा

चिंचेचे नुसते नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते. हा अनुभव इतका नित्याचा आहे की, त्यात काही विचार करण्यासारखे असेल असे कोणाच्या मनात येत नाही. परंतु क्षणभर थांबून पाहिले तर त्यात एक कोडे दडलेले आहे. मेंदूकडून निघालेला मज्जातंतू लाळग्रंथीपर्यंत येतो आणि आपल्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या द्रव्याचा अल्पसा अंश सोडतो. हे द्रव्य ग्रंथीतील पेशीच्या पृष्ठभागावर बसते. आत मुळीच शिरत नाही. तरीसुद्धा पेशीच्या अंतर्भागात धावपळ सुरू होते आणि लाळ वाहू लागते. बाहेरचा निरोप बाहेरच राहिला, मग आतल्यांना तो कळला कसा?

जुन्या काळी परमुलखातून आलेला जासूद रात्रीच्या वेळी किल्ल्याच्या दरवाजाशी येऊन थांबला, तर त्याला सरसहा आत घेत नसत. पहारेकरी त्याच्याजवळचा खलिता ठेवून घेई आणि आतला एखादा हरकारा तो मजकूर घेऊन किल्लेदाराकडे धावे. जीवशास्त्राच्या परिभाषेत या आतल्या हरकाऱ्याला ‘दुसरा निरोप्या’ म्हणतात. असे निरोपे पेशीत अनेक आहेत. त्यांपैकी एकाचाच इतिहास येथे सांगण्याचा आमचा विचार आहे. त्याचे पूर्ण नाव इनॉसिटॉल ट्रिसफॉस्फेट. नाव लांबलचक आहे, म्हणून शास्त्रज्ञ त्याला आटोपशीरपणे आयपी-३ म्हणतात आणि आम्हीही तसेच म्हणू. पेशीच्या आत साठवलेले कॅल्शियम मोकळे करावयाचे, हे त्याचे काम.

या रेणूचा इतिहास निवडण्याला कारण आहे. त्यात एकच प्रतिभावंत आणि एकच सुवर्णक्षण सापडत नाही. त्यात दिसतात ते निरनिराळ्या गावी, निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या हेतूंनी काढून ठेवलेले सुटे धागे. आणि त्यांचा अर्थ कळण्यापूर्वी ते जपून ठेवणारी मंडळी.

पहिला धागा कॅल्शियमचा. १८८२ साली लंडनमधील वैद्य सिडनी रिंगर हे बेडकाचे हृदय शरीरातून काढून मिठाच्या पाण्यात कसे धडधडत राहते, याचे प्रयोग करीत होते. हृदय चांगले चालले. त्यांनी तसा निबंध प्रसिद्धही केला. मागाहून त्यांच्या लक्षात आले की, ते मीठ शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलेलेच नव्हते. शहराच्या नळाचे पाणी त्यासाठी वापरले गेले होते. शुद्ध पाणी घेऊन प्रयोग पुन्हा केला तेव्हा हृदयाची गती मंदावत जाऊन ते थांबले. आणि कॅल्शियमचा क्षार किंचित घालताच पुन्हा चालू लागले. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो, तो ज्या क्षारांमुळे, त्यांतल्याच एकाने हा चमत्कार केला होता. रिंगर यांनी १८८३ साली नवा निबंध लिहून आपली चूक उघडपणे सांगितली. चूक कबूल करणाऱ्या त्या निबंधामुळेच त्यांचे नाव राहिले. सलाईनच्या बाटलीवर ‘रिंगर’ हे नाव पुष्कळांनी वाचले असेल. ते याच गृहस्थांचे.

कॅल्शियम हे केवळ हाडांचे व दातांचे द्रव्य नसून जिवंत हालचालीशी त्याचा काही संबंध आहे, हे रिंगर यांच्यापासून दिसू लागले. पुढे असे आढळले की, पेशी आपल्या अंतर्भागात मोकळे कॅल्शियम फार थोडे ठेवते. पेशीबाहेरच्या रसात कॅल्शियमचे दहा हजार कण असतील, तर विश्रांत पेशीच्या आत तेवढ्याच जागेत एखादाच असतो. पेशी हे कॅल्शियम अहोरात्र बाहेर उपसत असते, अथवा आंतर्द्रव्यजालिका नावाच्या आतल्या कोठारात कोंडून ठेवीत असते. शांत गावात एकच नगारा वाजला तरी सर्वांना ऐकू जातो. तसेच अशा निष्कॅल्शियम पेशीत थोडेसे कॅल्शियम सुटले तरी स्नायू आकुंचन पावतो, ग्रंथी स्रवू लागते. कॅल्शियम ही आज्ञा आहे, एवढे हळूहळू मान्य झाले. परंतु कोठाराचे कुलूप कोण उघडतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दुसरा धागा अगदीच वेगळ्या ठिकाणी निघाला. १८५० साली योहान शेरर या जर्मन रसायनज्ञाने स्नायूतून एक गोडसर पदार्थ वेगळा काढला आणि स्नायुतंतूच्या ग्रीक शब्दावरून त्याला इनॉसिटॉल असे नाव दिले. सहा कार्बन अणूंचे एक कडे आणि प्रत्येक कार्बनापाशी एक हात मोकळा, अशी त्याची घडण आहे. हे द्रव्य दुर्मिळ नव्हे. गव्हाच्या कोंड्यात आणि डाळींत जे फायटिक आम्ल असते, ते म्हणजे सहाही हातांना फॉस्फेट धरलेले इनॉसिटॉलच होय. विसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात अमेरिकेत जॉर्डी फोल्क यांना मेंदूतील मेदांमध्येही इनॉसिटॉल आढळले. मेदाची दोन शेपटे पेशीच्या पटलात रुतलेली आणि त्यांच्यावर इनॉसिटॉलचे डोके, अशा या रेणूंचे पटलातील प्रमाण अल्प होते. ते तेथे कशासाठी असावेत, याचा मात्र उलगडा झाला नाही.

१९५३ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे मेबल व लोवेल होकिन हे दांपत्य कबुतराच्या स्वादुपिंडाच्या पातळ चकत्यांवर प्रयोग करीत होते. दोघांनीही इंग्लंडमध्ये शेफील्ड येथे हान्स क्रेब्ज यांच्या हाताखाली शिक्षण घेतले होते. त्यांनी चकत्यांना किरणोत्सर्गी स्फुरद दिला आणि अ‍ॅसिटिलकोलीन घालून ग्रंथीला पाचकरस सोडावयास लावले. तेव्हा असे दिसले की, उत्तेजित ग्रंथीतील मेदांमध्ये हा स्फुरद अनेक पटींनी अधिक शिरत आहे. पटल हे केवळ भिंतीसारखे असेल, तर बाहेरून निरोप आल्याबरोबर भिंतीतल्या विटा कोण उपटतो आणि नव्या कोण बसवतो? पुढील काही वर्षांत त्यांनी असे दाखविले की, ही उलथापालथ सगळ्या मेदांची नसून मुख्यत्वे इनॉसिटॉलयुक्त मेदाची आणि त्याच्या आप्तांची आहे.

निरीक्षण चोख होते. अर्थ मात्र लागेना. होकिन यांनी तो लावण्याचे प्रयत्न केले. ग्रंथीतून स्राव बाहेर टाकण्याच्या क्रियेशी याचा संबंध असावा, असे त्यांना एकदा वाटले. समुद्रपक्ष्यांना मिठाचा निचरा करणाऱ्या ग्रंथी असतात. त्यांच्यावरील प्रयोगांवरून हे मेद सोडियमची वाहतूक करीत असावेत, असाही तर्क त्यांनी केला. हे तर्क टिकले नाहीत. ज्या निरीक्षणाला स्पष्टीकरण नाही ते शास्त्राच्या दप्तरात एका कोपऱ्यात जाऊन पडते, तसे याचे झाले. कोणी त्याला खोटे म्हटले नाही. परंतु त्याचे काय करावयाचे, हेही फारसे कोणाला सुचले नाही.

तिसरा धागा ‘दुसऱ्या निरोप्या’च्या कल्पनेचा. अमेरिकेत अर्ल सदरलंड यांनी अ‍ॅड्रेनलीनमुळे यकृतातून साखर कशी सुटते याचा शोध घेताना, १९५८ च्या सुमारास असे सिद्ध केले की, अ‍ॅड्रेनलीन पेशीच्या दारापाशीच थांबते आणि आत चक्रीय एएमपी नावाचा लहानसा रेणू तयार होऊन निरोप पुढे नेतो. त्यांना १९७१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बाहेर एक निरोप्या आणि आत दुसरा, ही कल्पना येथून रूढ झाली. परंतु चक्रीय एएमपीने सगळी कोडी सुटत नव्हती. अ‍ॅसिटिलकोलीनसारखे अनेक बाह्य निरोपे पेशीतील कॅल्शियम वाढवीत आणि त्या कामी चक्रीय एएमपीचा हात दिसत नसे. म्हणजे तेथे दुसराच कोणीतरी हरकारा असला पाहिजे.

हे तीनही धागे १९७५ पर्यंत बहुतेक सुटेच राहिले. त्या वर्षी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे रॉबर्ट मिचेल यांनी एक दीर्घ समालोचन लिहिले. त्यांनी नवा प्रयोग मांडला नाही, तर वीसबावीस वर्षांतील जुने निबंध शेजारी शेजारी मांडले. तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसून आली: ज्या बाह्य निरोप्यांमुळे इनॉसिटॉलयुक्त मेदाची मोडतोड होते, तेच पेशीतील कॅल्शियमही वाढवितात. यावरून त्यांनी असा पक्ष मांडला की, मेदाची मोडतोड आधी होते आणि कॅल्शियम तिच्यामागून सुटते. यावर बराच वाद झाला. क्रम नेमका उलटा आहे, कॅल्शियम वाढल्यामुळे मेद मोडतो, असे विरोधकांचे म्हणणे होते. पुढे असे ठरले की, मिचेल यांनी सांगितलेला क्रम बरोबर होता. मात्र ज्या मेदाकडे त्यांनी बोट दाखविले तो खरा नव्हता. त्या मेदाचा एक अल्पसंख्य भाऊबंद, ज्याच्या इनॉसिटॉलच्या डोक्यावर आणखी दोन फॉस्फेट असतात, तो प्रथम मोडला जातो. मिचेल यांच्याच प्रयोगशाळेने पुढे या दुरुस्तीला हातभार लावला. आपल्या सिद्धांताची दुरुस्ती आपणच करण्याची ही रीत रिंगर यांच्यापासून या कथेत चालत आली आहे.

आता या कथेत एक माशी येते. मायकेल बेरिज यांचा जन्म १९३८ साली दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे ज्याला आज झिंबाब्वे म्हणतात त्या देशात, झाला. केंब्रिज येथे कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थ यांच्या हाताखाली ते शिकले आणि मांसावर घोंगावणाऱ्या मोठ्या निळ्या माशीच्या लाळग्रंथींवर काम करू लागले. ही ग्रंथी म्हणजे दोऱ्यासारखी बारीक नळी. ती द्रवाच्या थेंबात ठेवून त्यात सिरोटोनिन घातले की, तिच्या तोंडाशी लाळेचा थेंब जमतो आणि तो मोजता येतो. बेरिज व एन. जी. पटेल यांनी १९६८ साली या ग्रंथीवरील सिरोटोनिनचा व चक्रीय एएमपीचा परिणाम प्रसिद्ध केला. माशीची लाळ मोजण्यात आयुष्य घालविणाऱ्या माणसाविषयी व्यवहारी गृहस्थ काय म्हणतील, हे सांगावयास नको.

१९७९ साली बेरिज आणि अमेरिकेहून आलेले जॉन फेन यांनी याच ग्रंथीला दीर्घकाळ उत्तेजित ठेवले. तिच्यातील इनॉसिटॉलयुक्त मेद सरत आला, तशी कॅल्शियमद्वारा प्रतिसाद देण्याची तिची शक्तीही मंदावली. आणि इनॉसिटॉल पुरविताच ती परत आली. मिचेल यांच्या म्हणण्याला हा मोठाच आधार मिळाला. परंतु मेद पटलात, म्हणजे तटबंदीत. आणि कॅल्शियमचे कोठार आत, दूर. मधले अंतर कोण तोडतो?

उत्तर मोडलेल्या मेदातच होते. मेदाचे डोके धडापासून तुटले की शेपटे पटलात राहतात. डोके मात्र पाण्यात विरघळणारे असल्यामुळे पेशीरसात मोकळे होते. तीन फॉस्फेट धरलेले हे डोके म्हणजेच आयपी-३. बेरिज यांनी १९८३ साली दाखविले की, सिरोटोनिन घातल्यापासून काही सेकंदांतच माशीच्या ग्रंथीत आयपी-३ वाढते. हरकाऱ्याला जितके चपळ असावयास हवे तितका तो होता. आता तोच कोठार उघडतो हे सिद्ध करावयाचे राहिले. त्यासाठी पेशीत आयपी-३ बाहेरून घालावे लागणार. पण ते पटलातून आत जात नाही. जर्मनीत फ्रँकफुर्ट येथील मॅक्स प्लांक संस्थेत इरेने शुल्झ यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या पेशींचे पटल सच्छिद्र करण्याची युक्ती साधलेली होती. शुद्ध आयपी-३ मिळविण्याची विद्या केंब्रिजजवळच्या बॅब्रॅहम येथील रॉबिन अर्विन यांच्यापाशी होती. सच्छिद्र पेशींवर आयपी-३ चा अत्यल्प अंश घालताच कॅल्शियम बाहेर पडले. ते तंतुकणिकांतून येत नसून आंतर्द्रव्यजालिकेच्या कोठारातून येते, हेही दिसून आले. श्ट्रेब, अर्विन, बेरिज व शुल्झ यांचा हा निबंध १९८३ च्या नोव्हेंबरात ‘नेचर’ या नियतकालिकात आला. होकिन दांपत्याने कबुतराच्या स्वादुपिंडात पाहिलेल्या कोड्याचे उत्तर बरोबर तीस वर्षांनी स्वादुपिंडाच्याच पेशीत मिळाले.

मागे पडलेली शेपटेही वाया जात नाहीत. जपानमधील यासुटोमी निशिझुका यांनी त्याच काळात दाखविले की, ती स्वतः एक वेगळा निरोप देतात. म्हणजे एकच मेद तुटतो आणि दोन हरकारे दोन दिशांना सुटतात. काम संपल्यावर आयपी-३ चे फॉस्फेट एकेक करून काढले जातात, मोकळे इनॉसिटॉल पुन्हा पटलात मेदावर बसविले जाते, आणि सुटलेले कॅल्शियम पंपांच्या साहाय्याने परत कोठारात भरले जाते. किल्ला पुन्हा शांत होतो.

हा धागा जुळताच इतर कितीतरी सुटे धागे आपापल्या जागी बसू लागले. जपानमध्ये कात्सुहिको मिकोशिबा यांना तोल सांभाळता न येणाऱ्या काही उंदरांच्या लहान मेंदूत एक मोठे प्रथिन जवळजवळ नसल्याचे आढळले होते. त्याचे कार्य अज्ञात होते. १९८९ साली असे सिद्ध झाले की, आयपी-३ ज्या कुलपाला लागतो ते कुलूप म्हणजे हेच प्रथिन होय. या कुलपाच्या जनुकात बिघाड झाला तर माणसाचाही तोल जातो, असा एक आनुवंशिक विकार २००७ साली ओळखला गेला. आपल्या देशातही या प्रथिनावर महत्त्वाचे काम झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बंगळुरू येथे जे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र आहे, तेथे गैती हसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीत हेच कुलूप बिघडले असता तिच्या उडण्यावर परिणाम होतो, असे दाखविले.

लिथियमची हकीकतही अशीच आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या रुग्णांना लिथियम दिले आणि त्यांना आराम पडला. का, हे ठाऊक नव्हते. १९७१ साली लिथियम दिलेल्या उंदरांच्या मेंदूतील इनॉसिटॉल कमी झालेले आढळले. पुढे कळले की, आयपी-३ मोडून इनॉसिटॉल परत मिळविण्याची शेवटची पायरी लिथियम अडविते. ही अडवणूकच औषधाच्या गुणाचे खरे कारण आहे की काय, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु बेरिज प्रभृतींनी या अडवणुकीचा उपयोग एखाद्या बांधाप्रमाणे करून घेतला. बांध घातला की ओढ्याचे पाणी तुंबते आणि मोजता येते. तसेच लिथियम घातले की मोडलेल्या इनॉसिटॉलचे अवशेष साठतात आणि मेदाची मोडतोड किती झाली ते कळते.

सर्वांत विलक्षण गोष्ट बीजांडाची. शुक्राणूचा स्पर्श झाल्यावर बीजांडातून कॅल्शियमची एक लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि तोपर्यंत निद्रिस्त असलेले बीजांड जागे होते. १९८४ साली व्हिटेकर व अर्विन यांनी समुद्री साळिंदर या काटेरी जलचराच्या अंड्यात आयपी-३ टोचले, तेव्हा शुक्राणूवाचून अंडे जागे झाले. सस्तन प्राण्यांचा शुक्राणू आयपी-३ तयार करणारे एक खास विकर आपल्याबरोबर आणतो, हे २००२ साली कळले. काही पुरुषांत या विकराचा दोष असतो. प्रयोगशाळेत शुक्राणू बीजांडात टोचला तरीही अशा जोडप्यांच्या बाबतीत गर्भ धरत नाही. हे कारण कळल्यामुळे अशा काही जोडप्यांच्या बाबतीत कॅल्शियम कृत्रिम रीतीने वाढवून बीजांड जागे करण्याचा उपाय वैद्यांच्या हाती आला. ज्या घरात पाळणा हलण्याची आशा सुटलेली असते, त्या घराच्या दृष्टीने कबुतराच्या स्वादुपिंडाची ती चकती किती मोलाची होती, हे वेगळे सांगावयास नको.

यशाचे माप मात्र सर्वांच्या पदरात सारखे पडले नाही. बेरिज आणि निशिझुका यांना १९८९ साली इतर दोघांबरोबर लास्कर पारितोषिक मिळाले. बेरिज यांना १९९८ साली ‘सर’ ही पदवी लाभली. नोबेल पारितोषिक मात्र या शोधासाठी बेरिज यांनाही मिळाले नाही आणि होकिन यांनाही नाही. मेबल होकिन २००३ साली आणि बेरिज २०२० साली निवर्तले. लोकांच्या स्मरणात यांपैकी एकही नाव ठळकपणे राहिलेले नाही.

आपल्याकडे कोणी संशोधनाला पैसा मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘याचा उपयोग काय?’ प्रश्न गैर नाही. करदात्याला तो विचारण्याचा हक्क आहे. परंतु १९५३ साली हा प्रश्न होकिन यांना विचारला असता, तर त्यांना प्रामाणिकपणे ‘ठाऊक नाही’ असेच म्हणावे लागले असते. बेरिज यांनीही माशीच्या लाळेचे प्रयोजन सांगताना काहीतरी ओढूनताणूनच सांगितले असते. त्यांना विचारण्याजोगा प्रश्न वेगळा होता: ‘तुम्ही जे पाहिले ते नीट पाहिले आहे ना? आणि चुकले तर सांगाल ना?’ या दोन प्रश्नांना या कथेतील माणसांनी होय असे उत्तर दिले. रिंगर यांनी नळाच्या पाण्याची गोष्ट लपविली असती, अथवा होकिन यांनी अर्थ लागत नाही म्हणून आपले आकडे फाडून टाकले असते, तर पुढच्यांना जोडण्यासाठी धागेच उरले नसते.

आमची विनंती इतकीच की, ज्या निरीक्षणाचा अर्थ आज लागत नाही त्याला निरुपयोगी म्हणण्याची घाई आपण करू नये. ते नीट नोंदवून ठेवण्याइतके धैर्य संशोधकाने दाखवावे आणि तोवर त्याचा खर्च सोसण्याइतके धैर्य समाजाने. होकिन यांच्या आकड्यांना तीस वर्षे वाट पाहावी लागली. मिकोशिबांच्या उंदरांना आणि केड यांच्या रुग्णांनाही त्यांच्या त्यांच्या परीने थांबावे लागले. चिंचेचे नाव ऐकून तोंडाला पाणी सुटेल तेव्हा, आपल्या लाळग्रंथीत त्याच क्षणी धावणाऱ्या या हरकाऱ्याबरोबर, त्याची वाट शोधणाऱ्या या माणसांचीही आठवण व्हावी.